मुंजाजी तात्यांचं भ्या

एसटीत चढल्यावर माणसं आधी जागा धरतात. आमचे मुंजाजी तात्या आधी ड्रायव्हरकडे जायचे. पालमच्या स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायला झुंबड उडायची, आणि तात्या मात्र पुढून जाऊन ड्रायव्हरचं तोंड निरखत उभे. मग विचारायचे, "मालक, जेवन झालं का? झोप झाली का नीट?" नवा ड्रायव्हर असला तर चिडायचा. जुने हसून म्हणायचे, झाली तात्या, बसा बिनघोर. तात्या बसायचे, पण बिनघोर कधीच नाही. ड्रायव्हरचे डोळे लाल दिसले तर ती गाडी सोडून द्यायचे आणि पुढच्या गाडीची वाट बघत शेंगा फोडत बसायचे. मी त्यांच्यासोबत गंगाखेडला निघाले की आई म्हणायची, आज पोचताय का उद्या, ते तेवढं कळवा.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले चुलतभाऊ. पालमला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. कुणी घागर घ्यायला आलं की तिच्यात पाणी भरून, उचलून, बुडाखालून हात फिरवून मगच द्यायचे. कुकर विकायचे, पण स्वतःच्या घरात कुकर कधी लावू दिला नाही. गिऱ्हाइकाला शिट्टी दाखवायची वेळ आली की ते काम नोकराकडे सोपवून स्वतः समोरच्या पानटपरीवर जाऊन उभे राहायचे. पिंपळावरच्या मुंजाला अख्खं गाव भितं आणि आमचा मुंजा अख्ख्या गावाला भितो, असं माझे वडील, म्हणजे आप्पा, चारचौघांत म्हणायचे. तात्याही हसायचे. भित्रा म्हटल्याचा त्यांना कधी राग आला नाही. वीज कडाडली, डॉक्टरने सुई काढली, की मोठ्याने सांगून मोकळे व्हायचे, "मला भ्या वाटायलंय बरं का." वर म्हणायचे, "भ्या पोटात ठिवू नये. पोटात ठिवलं की ते अंडी घालतंय."

पण त्यांच्या भिण्याची एक तऱ्हा होती, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नसे. एका वर्षी आमच्या शिवारात बिबट्या आल्याची आवई उठली. धट्टीकट्टी माणसं दिवसाउजेडी शेतात जाईनात. तात्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं, आत बसून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी हातात काठी घेऊन घामेघूम होत ओढ्यावर पायाचे ठसे बघायला गेले. घरी बसायचं सोडून मरायला कशाला गेलात, असं आप्पांनी विचारलं. तात्या म्हणाले, "न बगितलेल्याला दुप्पट भ्यावं लागतंय, दत्ता. आता बगून आलो. निम्मं राह्यलं." ठसे तरसाचे निघाले. उरलेलं निम्मं भ्या तात्यांनी तरसाच्या नावावर केलं.

आता माझं सांगते. मी पुण्याला शिकायला गेले आणि कॉलेजपेक्षा माझा जीव धरणावरच्या एका क्लबात जास्त रमला. तिथे विंडसर्फिंग शिकवत. एक लांबट फळी, तिच्यावर एक शीड, आणि शिडाची दांडी दोन्ही हातांनी धरून फळीवर उभं राहायचं. वारा शिडात भरला की पाण्यावरून सुसाट. पहिल्या दिवशी मला काही म्हणजे काही जमलं नाही आणि पहिल्याच दिवशी मी त्याची झाले. पदवी हातात पडली तेव्हा क्लबातल्या सरांनी सांगितलं की लक्षद्वीपच्या एका बेटावर शिकवणाऱ्यांचा कोर्स आहे. महिनाभर राहायचं, शेवटी समुद्रात परीक्षा, आणि पास झालं तर तिथेच शिकवायची नोकरी. हे सांगायला मी घरी आले, तर सोनपेठकडचं एक स्थळ मला आधीच पसंत करून बसलं होतं.

आप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आईने पदर डोळ्यांना लावला. आप्पा रागावून नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, कारण भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण आप्पा पक्के. म्हणाले, "मी न्हाई म्हनत न्हाई. तुझे तात्या हो म्हनले तर जा समुद्रावर. न्हाई म्हनले तर सोनपेठला हो म्हन." आईचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. कुकरच्या शिट्टीला रस्ता ओलांडणारा माणूस मला समुद्रात जा म्हणणार होता! आप्पांनी नाही म्हणण्याचं काम फक्त दुसऱ्याकडे दिलं होतं. त्या दिवशी मला जी भीती वाटली ती पाण्याची नव्हती. पुन्हा कधी पाण्यावर उभं राहायला मिळणार नाही, याची होती.

मी दुकानात जाऊन तात्यांना सांगितलं तेव्हा ते पातेली पुसत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. पातेलं खाली ठेवून ते म्हणाले की मला आत्ताच भ्या वाटायलंय. मी म्हटलं, म्हणजे नाही ना? तर म्हणाले, "अजून कुटं बगितलंय मी? आदी दाखव."

माझं आजोळ येलदरी धरणाच्या काठावर. क्लबाने टाकून दिलेली एक जुनी फळी आणि ठिगळाचं शीड मी मागून आणून मामाच्या गोठ्यात ठेवलं होतं, सुट्टीत धरणात चालवायचे. तात्यांना तिथे नेलं. काठावर पोचल्यावर त्यांनी आधी नारळ फोडला, साती आसरांच्या नावाने हळदकुंकू वाहिलं. पाण्यात सात बहिणी राहतात आणि तरण्या जिवाला ओढून नेतात, असं आमच्याकडे मानतात. हात जोडून तात्या त्यांना म्हणाले की ही आमची एकच पोरगी आहे, हिच्याकडे बघू नका. मग घोटाभर पाण्यात उभे राहिले आणि मला जा म्हणाले. मी पार मधोमध जाऊन, वळसा घेऊन परत आले तोवर ते जागचे हलले नव्हते.

आल्यावर त्यांनी मला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. दोरी तुटली तर? शीड अंगावर पडलं तर? पायात गोळा आला तर? मी एकेकाचं उत्तर दिलं. वारा बंद पडला तर, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी अगदी ऐटीत सांगितलं की त्यात काय, फळीवर बसून राहायचं, कुठला ना कुठला काठ येतोच. धरणात येतोच. मला तेवढंच पाणी माहीत होतं, आणि तात्यांना तेवढंही नाही. शिवाय बेटाभोवती खडकाची कड असते, आतलं पाणी तळ्यासारखं, असं मी सरांकडून ऐकलेलं सांगितलं. तात्यांना हे फार पटलं. मग त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून ते फळीवर बसायला आले. मी फळी घट्ट धरली. ते बसले, दोन्ही हातांनी कडा आवळल्या, डोळे मिटून पांडुरंगाचं नाव घेतलं आणि उतरले. उतरल्यावर बराच वेळ त्यांच्या दाताला दात लागत नव्हता. ऊन रणरणत होतं.

पुढे कितीतरी दिवस ते काही बोलले नाहीत. सोनपेठहून विचारणा येत होती. मग एका सकाळी तात्या आमच्या घरी आले, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि आप्पांना म्हणाले, "दत्ता, हो म्हनतो मी. पन मी संगं जातो." आप्पांना वाटलं, चेष्टा आहे. "तुमी? समुद्रावर?" तात्या म्हणाले, "हिला एकटी धाडून मला हितं बसून भ्यावं लागंल. घरी बसून भ्यायला काय अक्कल लागती व्हय? त्याच्यापरीस तितं जाऊन भितो." आई पुन्हा रडायला लागली. आप्पा शब्दाचे पक्के होते. त्यांनी सोनपेठला नकार कळवला, आणि माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

मग तयारी सुरू झाली. पालमच्या चौकात समुद्र बघितलेलं माणूस सापडणं मुश्कील, पण समुद्राविषयी सांगायला प्रत्येक जण तयार. एकाने देवमाशाचं सांगितलं, दुसऱ्याने सांगितलं की खाऱ्या पाण्याने माणसाची कातडी सुटते, तिसऱ्याने भोवरा हातवारे करून दाखवला. तात्या सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि आणखी थोडे वाळायचे. बेटावर जायला पोलिसांचा दाखला लागतो, म्हणून आम्ही ठाण्यात गेलो. तिथला हवालदार तात्यांकडे बघून म्हणाला, काका, या वयात हे काय मनात आलं? तात्यांनी अगदी मनापासून त्याला सांगितलं की माझ्या मनात काही नाही, मला लय भ्या वाटायलंय. हवालदाराने चहा पाजला.

कोर्सच्या तारखा दोन होत्या. तात्या पंचांग घेऊन बसले. पहिल्या तारखांना परीक्षेच्या सुमारास अमावस्या येत होती, ती त्यांनी चटका बसल्यासारखी बाजूला सारली. अमावस्येला आमच्याकडे कुणी नवी विहीरसुद्धा खणायला घेत नाही. दुसऱ्या तारखांना ऐन परीक्षेच्या दिवशी पौर्णिमा. तात्या खूश झाले. देवाचा दिवस, भरलेला चंद्र, यापेक्षा चांगलं काय पाहिजे? आईही म्हणाली, हेच बरं. कोकणातलं शेंबडं पोर हसलं असतं आम्हाला. अमावस्येसारखंच पौर्णिमेलाही समुद्राला उधाण येतं आणि मग पाणी तितक्याच जोराने मागे ओढतं, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर कळतं. आमच्या परभणीत पाणी एकतर असतं, नाहीतर नसतं. ते दिवसातून दोनदा येतं आणि जातं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण पुस्तकातलं कुणाच्या अंगी लागलंय! पौर्णिमेची तारीख आम्ही सगळ्यांनी मिळून आनंदाने पक्की केली.

निघताना आईने माझी ओटी भरली, जशी काही मी सासरी चालले होते. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी एवढी बांधली की गाडीतल्या लोकांना वाटूनही कोचीपर्यंत पुरली. कोचीला बोटीत चढताना तात्यांनी कप्तानाला भेटायची फार खटपट केली. मला कळलं कशासाठी ते. मी त्यांना ओढत नेलं. बोटीवर त्यांनी अंगात जे फुगीर जॅकेट चढवलं ते बेट येईपर्यंत काढलं नाही, जेवतानाही नाही.

बेट सुंदर होतं, पण तात्यांना त्याची आणखीच धास्ती बसली. आमच्या गोदावरीचं पाणी गढूळ, बुडाशी काय आहे ते दिसत नाही. इथे पुरुषभर पाण्याखालची वाळू, मासे, काळे खडक, सगळं लख्ख. तात्या म्हणाले, "दिसायलंय म्हनूनच लय भ्या वाटायलंय." बेटाच्या भोवती लांबवर खडकाची कड होती. कडेच्या आत निळंहिरवं उथळ पाणी, कडेबाहेर काळानिळा समुद्र. कडेला एके ठिकाणी खिंड होती, तिच्यातून बोटी आत-बाहेर करत. त्या खिंडीकडून सारखा एक घुमल्यासारखा आवाज यायचा. मला पहिले काही दिवस त्या आवाजाने जेवण जात नव्हतं. तात्यांना मी ते सांगितलं नाही. त्यांचं त्यांना पुरेसं होतं.

तिथे कोया नावाचा एक नावाडी होता, त्याची इंजिनची छोटी बोट आमच्या किनाऱ्यावरच असायची. तात्यांची त्याच्याशी गट्टी जमली. तात्या आपल्याकडच्या दखनी हिंदीत बोलायचे, कोया त्याच्या मोडक्या हिंदीत, आणि मध्ये धपाटे. मी पाण्यात असले की तात्या कोयाच्या बोटीला टेकून बसायचे आणि दर थोड्या वेळाने विचारायचे, "पानी कैसा है भय्या?" कोया वैतागायचा नाही. महिनाभर सगळं सुरळीत गेलं. मी शिकले, पडले, उठले, बेटावरच्या सरांनी माझं कौतुकही केलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. सकाळीच कोया तात्यांना म्हणाला की आज पानी भागेगा. तात्यांनी विचारलं, पानी कैसे भागेगा, कॅनॉल है क्या? कोयाने आकाशाकडे, चंद्राच्या जागेकडे बोट दाखवलं. तात्यांना काही कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं की आज भिण्यासारखं काहीतरी आहे, म्हणून त्या दिवशी ते बोटीला नुसते टेकले नाहीत, तिची कड धरून उभे राहिले.

मी कडेपर्यंत गेले, वळसा घेतला, आणि परत येताना वारा पडला. शीड लुळं झालं. सरांनी किनाऱ्यावरून शिट्टी मारली असेल, मला ऐकू आली नाही. मला भीती वाटली नाही. मी शीड पाण्यात आडवं केलं आणि येलदरीला बसायचे तशी पाय सोडून फळीवर बसले. काठ येतोच. मी नारळाच्या झाडांकडे बघत होते, पास झाले तर आप्पांना काय सांगायचं याचा विचार करत होते. मग लक्षात आलं की झाडं लहान व्हायला लागली आहेत. खाली बघितलं. मघाशी पांढरी वाळू दिसत होती, आता नुसतं निळं. आणि तो घुमणारा आवाज बाजूने, लांबून यायचा सोडून पाठीमागून येत होता, जवळून. पाणी मला खिंडीकडे नेत होतं. लाट नाही, वारा नाही, गुपचूप. मी शीड उचललं, वारा नव्हता. हातांनी पाणी मारायला लागले, दोन हात पुढे जायचे की चार हात मागे. मी ओरडले तर माझाच आवाज मला ओळखू येईना. खिंडीतून पलीकडे गेले की पुढे आफ्रिकेपर्यंत काही नाही, असं सर एकदा हसत म्हणाले होते. त्या वेळी मला आईची आठवण आली नाही, देवाची आली नाही. इथे काठ नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

किनाऱ्यावर काय झालं ते मला नंतर कळलं. मी बसलेली बघून सगळे म्हणाले की दमली असेल, विसावा घेत असेल. तात्यांनी ऐकलं नाही. ते ओरडत कोयाला धरून बोटीकडे ढकलायला लागले. कोयाला एका नजरेत कळलं. पण खिंडीजवळ पाणी उसळत असतं, इंजिन सोडून त्याला माणूस वर ओढता आला नसता. सोबत एक माणूस पाहिजे होता. सर दूर, दुसऱ्या मुलांपाशी होते. कोयाने बोट इंजिन चालेल एवढ्या पाण्यात लोटली होती. घोटाभर पाण्यात उभं राहणारे आमचे तात्या छातीभर पाण्यातून चालत गेले आणि बोटीत चढले.

मला ती बोट येताना दिसली, तेव्हा पुढच्या टोकाला तात्या होते. टोपी तशीच डोक्यावर. डोळे सताड उघडे. खिंडीच्या तोंडाशी बोट वर जात होती आणि आदळत होती. त्यांनी एका हाताने बोट धरली होती आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट पकडलं, ते असं की त्याच्या खुणा घरी जाईपर्यंत राहिल्या. फळी गेली. मी बोटीत पडले. सबंध वाटेत त्यांनी मनगट सोडलं नाही. किनाऱ्याला लागल्यावर खाली उतरले, वाळूत बसले आणि भडाभडा ओकले.

मी सरांना सांगितलं की मला घरी जायचं आहे. सर म्हणाले, दोन दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येईल, बघ. मी खोलीत जाऊन बॅग भरली. मला पाण्याकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तात्या मला किनाऱ्यावर घेऊन गेले, जबरदस्तीने नाही, नुसतं चल म्हणाले. आम्ही वाळूत बसलो. मी म्हटलं, तात्या, तुम्ही सांगा. जाऊ म्हणाल तर घरी जाऊ. मला पक्कं माहीत होतं ते काय सांगतील. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला इचारू नको, बाई," ते म्हणाले. "मला लय भ्या वाटायलंय. जन्मात वाटलं नव्हतं एवढं. पन ते माझं हाय. माझं भ्या तुझ्या उरावर कामून टाकू मी? तुझं तू बग."

मी बघितलं. दोन दिवसांनी पुन्हा पाण्यात उतरले. या वेळी पाणी कधी वळणार ते कोयाला विचारून घेतलं होतं. तात्या बोटीत बसून होते, किनाऱ्याला बांधलेल्या बोटीत, आधीपासूनच. मी पास झाले.

घरी आलो त्या दिवशी आमच्या अंगणात अर्धी गल्ली जमली होती. सगळ्यांना तात्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, कारण तात्यांच्या भिण्याच्या गोष्टी म्हणजे आमच्याकडे करमणूक. आप्पांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय तात्या, भ्या वाटलं का?" बोटीतली गोष्ट बाहेर आली असती तर मला पुन्हा कुणी जाऊ दिलं नसतं, आणि नोकरीवर हजर व्हायचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. तात्यांनी चहाचा घोट घेतला.

"कशाचं भ्या?" ते म्हणाले. "गुडग्याएवढं पानी. लेकरं खेळतेत तितं."

हशा पिकला. बेटाच्या हवेने तात्या सुधारले, असं कुणीतरी म्हणालं. आप्पा हसले नाहीत. तात्यांकडे थोडा वेळ बघत राहिले, माझ्या मनगटाकडे त्यांची नजर गेली, आणि मग आईला म्हणाले की पोरीला जायच्या तयारीचं काय लागतं ते बघ.

मी गेले. त्यानंतर दर हंगामाला जाते. तात्या पुढे काही वर्षं होते, पण त्या दिवसाबद्दल आमच्यात कधी बोलणं झालं नाही. काकू एकदा बोलता बोलता म्हणाल्या की यांनी पर्वणीला गंगाखेडला आंघोळीला जायचं सोडलंय, पाण्यात पायच घालत नाहीत, विचारलं तर सर्दीचं कारण सांगतात. मला ऐकून चरचरलं. दुकानात गेले तर तात्या नेहमीसारखे. कोया कसा आहे, एवढं मात्र दर वेळी विचारायचे.

मग ते आजारी पडले. हृदयाचं दुखणं, परभणीला दवाखान्यात ठेवलं होतं. मी बेटावरून आले. तो त्यांचा शेवटचा आठवडा ठरला. मी कॉटशेजारी बसले होते, त्यांनी डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"दत्ताला सांगू नको," ते म्हणाले. "त्या दिशी मी लय भ्यालो होतो. अजून ते पानी माझ्या डोळ्यापुढून हलत न्हाई. पोटात ठिवलं मी."

मी काही बोलणार तेवढ्यात माझं लक्ष गेलं, दारात आप्पा दुधाचा थर्मास घेऊन उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मागे सरले. तात्यांची पाठ दाराकडे होती. मी बाहेर गेले. आप्पा भिंतीला टेकले होते. मी म्हटलं, ऐकलंत तुम्ही?

"मला त्याच दिशी कळलं होतं," आप्पा म्हणाले. "हा मानूस पाल चुकचुकली तर गल्लीला सांगतो. तो समुद्र बगून आला अन् भ्या वाटलं न्हाई म्हनला, तवाच कळलं, काहीतरी लय मोठं झालंय."

"मग मला जाऊ कसं दिलंत?"

आप्पांनी थर्मास एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तो जन्मात एकदाच खोटं बोलला, शीतल. तुझ्यासाठी. त्याला मी खोटं कसं पाडू?" मग डोळे पुसून म्हणाले, "आत जा. त्याला वाटंल, सांगायला गेली."

मी आत गेले. तात्या जागेच होते. दत्ताला सांगितलं तर नाहीस ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही तात्या, कशाला सांगू? त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आप्पांनी बाहेर थोडा वेळ जाऊ दिला, मग चपला वाजवत आत आले, जसे काही आत्ताच पालमच्या गाडीतून उतरले होते, आणि मोठ्याने म्हणाले, "काय तात्या, उठला का? दूध आनलंय गरम."